मर्जीचं काम

जोयड्याच्या रानात मँगनीजची एक लहानशी खाण होती. लग्न झाल्यावर मी आणि माझे यजमान तिथं कामाला लागलो. मुकादम म्हणायचा, "कवा बी या, कवा बी जा. माल तेवढा निघाला पायजे." असं काम मला पुन्हा कुठंच मिळालं नाही. शेणगोठा उरकून निघावं, लावणीच्या दिवसांत फिरकूच नये, उळवीच्या जत्रेला गाडी जुंपून खुशाल जावं. हूं की चूं नाही. सासरी मला माहेराला जायचं तरी दहा जणांची तोंडं बघावी लागत. खाणीवर मात्र मी माझी मालकीण. म्हणून ती जागा मला आवडायची, आणि तरीही खाणीच्या तोंडाच्या त्या भोकाकडं मी पाठ करूनच बसायचे.

माणूस रांगत जाईल एवढंच ते भोक, डोंगराच्या पोटात वाकडंतिकडं गेलेलं. बाहेरून मारलेली हाक पहिल्या वळणापुढं पोचत नसे. आत सारखी माती झरायची. आम्ही बायका बाहेर दगड निवडत बसायचो आणि ती झरझर ऐकायचो.

भोकाच्या वरच्या कड्याला दुपारी सुरुंग लावत. येण्याजाण्याला ठरलेली वेळच नाही, मग आत कोण आहे हे कळायचं कसं? तर कोयत्यावरून. आमच्याकडचा बाप्या कमरेला कोयता लावल्याशिवाय घर सोडत नाही, आणि रांगताना तो अडकतो. म्हणून आत जाताना तो तोंडाशी रोवलेल्या मेढीवर टांगायचा, बाहेर आल्यावर घ्यायचा. मेढ रिकामी दिसली की मुकादम वात पेटवायचा.

त्या दिवशी गाय विणार होती, म्हणून मी लवकर घरी आले. मर्जीचंच काम ते. थोड्या वेळानं खाणीवरच कामाला असलेला धाकटा दीरही घरी आला आणि गाईसाठी बांबूचा पाला तोडायला लागला. हातातल्या कोयत्याची मूठ मी ओळखली.

"ह्यो कुणाचा?"

"दादाचा. माझ्या कोयत्याची मूठ निसटली, वैनी. जाता जाता घेतला मेढीवरचा. सांजच्याला देतो की."

"अवं, त्ये आत हाईत!"

हातातला पाला त्यानं तिथंच टाकला. तो धावत सुटला, त्याच्या मागं मी. ओढ्यापर्यंत पोचलो आणि धडाका झाला. झाडांवरची सगळी पाखरं उठली. मी तरी पळतच होते. थांबले असते तर ते खरं झालं असतं.

दिवस मावळेतो उकरत होते. बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, फक्त नाकातोंडात माती. दिराला मी कधी बोल लावला नाही. भावाचा कोयता उचलताना आमच्यात कोण विचारतं?

मग खाणीवर घंटा आली. घंटेला जायचं, घंटेला सुटायचं, मध्ये हजेरी. सगळे चरफडायचे. मीही जात राहिले, दुसरं होतं काय? एकदा दगड निवडताना शेजारची बाई बोलून गेली, "आदीचं काम किती सुखाचं व्हतं, न्हाई?" आणि माझ्याकडं बघून तिनं जीभ चावली. सगळ्याजणींचे हात थांबले.

"व्हय," मी म्हणाले, "लई सुखाचं व्हतं."

खोटं कशाला बोलू? माझ्या संसारातलं सुख तेवढंच होतं, आणि त्यानंच माझा माणूस खाल्ला.