चित्राला लावलेली तीट

आटपाट नगर होतं असं म्हणायची सोय नाही, कारण नगर म्हणजे लखनौचं मानक नगर आणि राजवाडा म्हणजे रेल्वेचं दोन खोल्यांचं क्वार्टर. तिथे श्रीधर नावाचा एक इंजिनियर राहायचा. त्याची बायको बँकेत. त्यांना एक मुलगी, रेवा, इथेच वाढलेली, मराठी कळणारी पण हिंदीत बोलणारी. आणि श्रीधरची एक आई होती, कधी शाळेत न गेलेली, पण घरादाराला शहाणपण शिकवणारी. ती मी.

त्या शहाणपणाने काय घात केला ते ऐका आता, पण चहा थंड करू नका.

रेवाला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. श्रीधरला ते बिलकुल पसंत नव्हतं. आठ दिवस घरात जेवताना फक्त ताटं वाजत होती. शेवटी तो म्हणाला, "एकच चान्स. मुलाखतीत निवड झाली तर जा. नाहीतर सोमवारपासून इंजिनियरिंगचं कोचिंग. मग रडायचं नाही."

"डन," रेवा म्हणाली. पण पोरीचे ओठ पांढरे पडले होते, मी बघितलं ना.

मुलाखतीला पाच चित्रं न्यायची होती. त्या दिवशी सकाळी दिवाणावर सहा कागद पसरलेले. रेवा न्हाणीघरातून ओरडली, "आजी, पाँच फ़ाइल में डाल दो. एक बेकार वाला है, वो छोड़ देना."

कोणता बेकार, ते सांगायला नको का? तिला वाटलं, ते कोणालाही कळेल. मलाही तसंच वाटलं.

चार चित्रं उघडच होती. पतंगवाला, इमामबाड्याची कमान, स्टेशनातली बाकडी, झोपलेली मांजर. उरले दोन कागद. एकावर पेन्सिलीने काढलेला मातीचा माठ. रिकामा, बिनरंगाचा. माठ काय दाखवायचा परीक्षेत? दुसऱ्या कागदावर मात्र वस्तू म्हणाल तर एकही नव्हती. खाली तांबडं, मध्ये पिवळं, वर काळंनिळं. आणि बघता बघता मी वाईजवळच्या आमच्या शेतात उभी होते. हळद शिजवायची मोठी काहील, खाली जाळ, वर पिवळट वाफ, आणि वाफेत माझी आई, पाठमोरी, पदर कमरेला खोचलेला. आईला जाऊन पन्नास वर्षं झाली. इतकी स्पष्ट ती मला स्वप्नातसुद्धा दिसली नव्हती.

डोळे पुसले आणि मनात आलं, इतकं सुंदर चित्र, चार परके लोक बघणार, नजर लागायची. काजळाची डबी काढली आणि कोपऱ्यात बारीकशी तीट लावली.

कागदाने काजळ प्यायलं हो. मोहरीएवढी तीट पदराने टिपली, तर मटाराएवढी झाली. कणकेच्या गोळ्याने उचलायला गेले, तर जांभळाएवढी. लिंबू चिरायला घेतलं होतं, पण तेवढी अक्कल वेळेवर आली आणि हात आवरला. ते चित्र पाचांच्या तळाशी घातलं आणि फायलीची नाडी घट्ट बांधली.

आणि माठाचा कागद? चांगला जाड होता. मुगाचे सांडगे घालायचे होते आणि माझं प्लास्टिक फाटलेलं. कोरी बाजू वर केली, गच्चीवर नेला, चाळीस सांडगे घातले. लखनौचं उन्हाळ्यातलं ऊन वाया घालवायचं का?

श्रीधर ऑफिसला, सून बँकेत, म्हणून रेवाबरोबर मी निघाले. ऑटोत बसल्यापासून माझे हात गार.

"तू क्यों डर रही है? इंटरव्यू तो मेरा है," रेवा म्हणाली.

"ऊन लागलंय," मी म्हटलं. आत्ता सांगावं, आत्ता सांगावं, असं करत करत कॉलेजचं फाटक आलं.

पालकांनाही आत बसवत होते. समोर एक मॅडम, केस पांढरे, बोलणं मोजून मापून. पहिलं चित्र बघितलं, बाजूला ठेवलं. दुसरं ठेवलं. चेहऱ्यावरची रेघ हलेना. तिसरं. चौथं. मी देवाचं नाव घेत होते.

पाचवं उचललं. "यह काला क्या है?"

रेवाने पाहिलं आणि तिचा रंग उडाला. पण ती तिटेकडे बघतच नव्हती. "मैम, ये मेरा चित्र नहीं है. ये तो मेरा ब्रश पोंछने का काग़ज़ है."

ती माझ्याकडे वळली.

"आजी, मटका कहाँ है?"

"गच्चीवर."

"गच्चीवर क्यों?"

"सांडगे," मी म्हटलं.

मॅडम म्हणाल्या, "पाँच चित्र चाहिए. नियम है. चलो, घर से फ़ोटो ही मँगा लो."

रेवाने बापाला फोन लावला. ज्याला पोरगी नापास व्हायला हवी होती, तो कशाला जाईल गच्चीवर भर उन्हात? पण ऑफिसातून उठून गेला. पंधरा मिनिटांनी फोटो आला, खाली लिहिलेलं रेवाने वाचून दाखवलं, 'आजीला विचार हे काय केलंय.' सांडग्यांचा ओलावा कागदातून उतरला होता. माठाला देवी आल्यासारखे चाळीस डाग.

रेवा फाईल बंद करायला लागली. ते मला बघवेना. मी उठले.

"मैडम, लड़की की ग़लती नहीं है. काजल मैंने लगाया. मटके पर सांडगे भी मैंने डाले."

"पर पोंछने वाला काग़ज़ क्यों चुना, अम्मा?"

मग सांगितलं. काहील, जाळ, वाफ. आईपर्यंत आले आणि माझी हिंदी संपली. पुढचं मराठीत सांगितलं, रेवाने त्यांना समजावलं.

मॅडमनी रेवाला विचारलं, "तुमने हल्दी पकते देखी है?"

"कभी नहीं."

त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "तो पाँचवाँ यहीं बनाओ. जो इन्होंने देखा. आधा घंटा."

रेवाने पेन्सिल उचलली. "आजी, भाप किधर जा रही थी?"

"विहिरीकडे."

"उनके हाथ में क्या था?"

"काडी. हळदीला टोचून बघायची, शिजली का."

"मुड़कर देखा तुझे?"

"नाही गं. कामात असायची."

मग ती कागदावर वाकली. मी घड्याळाकडे बघत राहिले. अर्ध्या तासाने कागद फिरवला, तर माझी आई. तिचा फोटोसुद्धा कधी कोणी काढला नव्हता. पण डावा खांदा जरासा खाली, तो तसाच. तो तर मी सांगितलाही नव्हता.

"हे कसं कळलं तुला?"

"आजी, तेरा भी तो वैसा ही है."

मॅडमनी कागद जवळ ओढला. "नज़र इसके पास है. हाथ तो हम सिखा देंगे," एवढंच म्हणाल्या.

चार दिवसांनी यादी लागली, त्यात रेवाचं नाव होतं. श्रीधरने स्वतः पेढे आणले, आणि ब्रश पुसायच्या त्या कागदाला चौकट करून बैठकीत लावलं, तिटेसकट. घरात पुन्हा जेवताना भांडणं, हसणं सुरू झालं.

रेवा आता रोज काहीतरी काढते आणि आधी मला दाखवते. पण मी "फारच सुंदर" म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. कागद उलटापालटा करून बघते आणि म्हणते, "सच बता आजी, मैंने भी पोंछने वाला तो नहीं उठा लिया?"