हातभर माती

भागवतदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी दिंद्रुडला दुकानाचं शटर ओढत होतो. “भावजी, तुमचे दादा गेले,” एवढंच वहिनी फोनवर म्हणाल्या. मागून तांबडीचं केकाटणं ऐकू येत होतं. तांबडी म्हणजे त्याची कुत्री. धारूरच्या घाटाखालच्या आमच्या गावी पोचलो, तर ती तिरडीपाशी बसली होती आणि लोक तिला हुसकावत होते. आता काही आठवडे लोटले, पण लिहायला बसलं की दुःखाच्या आधी रागच येतो. तो गिळून गोड गोड लिहिणं मला जमणार नाही... दादालाही जमलं नसतं.

दादा माझा चुलतभाऊ. तरुणपणी ऊसतोडीला जायचा. तेव्हा बैलगाडीच्या मागे कुत्रं बांधून न्यायची रीत होती. गाड्या रस्त्याकडेच्या मातीवरून चालत, त्यामुळे बैलांना आणि कुत्र्यांनाही डांबराचा चटका लागत नसे. मग मुकादमानं ट्रॅक्टर आणला. एका उन्हाळ्यात परतताना माणसं, भांडी, शेळ्या सगळं ट्रॉलीत चढलं आणि दादाचा काळू खाली राहिला. ट्रॅक्टर हलला तसा तो तापल्या डांबरावरून मागे धावत सुटला. दादा फळीवर हात आपटत ओरडला, “थांबव बे, त्याचे पाय भाजायलेत!” मुकादम म्हणाला, “कुत्र्यापाई टायम घालू का बे?” पुढच्या हॉटेलावर मात्र चहासाठी ट्रॅक्टर थांबला. काळू तिथवर आला तेव्हा त्याच्या पंजांच्या गाद्यांची साल लोंबत होती. गावी आल्यावरही तो पुन्हा नीट चालला नाही आणि पावसाळ्याआधीच मेला. दादानं ऊसतोड सोडली ती कायमचीच.

त्यानंतर उन्हाळा लागला की दादाचं एक वेड सुरू होई. कुत्र्याला बाहेर सोडण्याआधी तो स्वतः चप्पल काढून रस्त्यावर उभा राही. पाय ठरेना झाले की कुत्र्याला परत आत घेई. एकदा त्यानं जुन्या जीनचे चार बूट शिवून तांबडीच्या पायांत बांधले. तिनं चारही पाय ताठ केले आणि जागची हलेचना. मग एकेक बूट दातानं ओढून शेळीपुढे टाकला, आणि शेळीनं त्यातला एक खाल्लाही. हसून हसून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. “स्वतःच्या पँटीला ठिगळ, अन् कुत्रीला जीनचे बूट!” दादा मात्र विचारात पडला होता. “तिला न्हाई पटलं ना, मंग ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “आता जमीनच थंड ठेवावी लागंल.”

पुढे गावात सिमेंटचा रस्ता आला. दादाच्या दारापासून जनावरांच्या हौदापर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं सिमेंट होणार होतं. दादा कामाच्या आडवा जाऊन बसला. कडेच्या कडुलिंबांच्या बाजूनं हातभर माती सोडा, एवढंच त्याचं म्हणणं. सरपंच म्हणाले, “भागवत, कुत्र्यांला येगळा रस्ता पायजे का आता?” सगळे फिदीफिदी हसले. “हासा. पर सोडा,” असं म्हणून दादा बसूनच राहिला. शेवटी वैतागून त्यांनी पट्टी सोडली. रोज दुपारी घागरीनं ती शिंपायची, हा त्याचा नेम झाला. गावातली सगळी कुत्री त्या ओल्या मातीवरून हौदाकडे जात. लोक त्याला येडा म्हणत, आणि तो घागर भरायला परत वळे.

तेरवीला तेच हसणारे माइकपाशी आले. मुक्या जिवांचा कैवारी वगैरे बोलून झालं. भागवतदादाच्या नावानं काहीतरी कायमचं झालं पाहिजे, असं सरपंचांनी जाहीर केलं आणि माना डोलल्या. पुढच्या खेपेला मी गेलो तर रस्त्यावर लोखंडी कमान होती, ‘कै. भागवतदादा स्मृतिपथ’. आणि खाली दादाची मातीची पट्टी उकरून, लिंबांच्या बुंध्यांपर्यंत लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसवलेले. मी सरपंचांना गाठलं.

“हे काय केलं तुम्ही?”

“कावून? चिखल व्हायचा की तिथं. आता बगा कसं झकास दिसायलंय. दादाला लई आनंद झाला असता.”

त्यांच्या तोंडावर लबाडी नव्हती, हेच मला सहन होईना. एक माणूस जन्मभर एकच गोष्ट मागत राहिला, आणि ती यांच्या कानापर्यंत पोचलीच नव्हती...

तांबडी हौदामागच्या पडक्या गोठ्यात व्यायली आहे. वहिनी पिल्लं घरी आणतात, ती एकेक तोंडात धरून पुन्हा तिकडेच नेते. दुपारी भाकरी खायला घरी येते आणि लगेच पिल्लांकडे निघते. मी गेलो त्या दुपारीही निघाली. मी चप्पल काढून ब्लॉकांवर पाय ठेवला आणि तसाच मागे घेतला. वहिनींनी दादाच्या घागरीतलं पाणी ओतून दोन गोणपाटं भिजवली. एक ब्लॉकांवर अंथरलं, तांबडी त्यावर उभी राहिली. दुसरं पुढे अंथरलं, ती त्यावर गेली. मग मागचं उचलून परत पुढे... गुडघे आखडलेल्या वहिनी वाकत आणि उठत चालल्या होत्या. मी गोणपाट मागितलं, त्यांनी दिलं नाही. तेवढ्यात सरपंचांची मोटारसायकल शेजारी थांबली.

“वैनी, जरा जपून. नवे ब्लॉक हायेत, डाग पडतेत.”

वहिनींनी मान वर केली नाही. मागचं गोणपाट उचलून ते कमानीखाली, दादाच्या नावाखाली अंथरलं आणि तांबडीला म्हणाल्या, “चल बाई, ठेव पाय.”