शेजारच्या सीटवरचा ड्रायव्हर

माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट अजून नव्यासारखं आहे आणि शेजारच्या सीटसमोरचं मात्र झिजून त्याला भोक पडलंय. हा पराक्रम आमच्या भाऊजींचा. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी त्यांनी शहरातली बस चालवण्यात घालवली. निवृत्त झाले तेव्हा स्टिअरिंग सुटलं, पण ब्रेक काही सुटला नाही. दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय आपला कामाला लागतो. मांजर दिसलं, दाब. सिग्नल पिवळा झाला, दाब. पलीकडच्या फुटपाथवर कुणी नुसतं थबकलं, तरी दाब. तिथे ब्रेक नसतो हे त्यांना ठाऊक असतं. पायाला ते पटत नाही.

मी तसा तापट माणूस. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून माझी सहनशक्ती दुकानातच संपते. "भाऊजी, गाडी मी चालवतोय!" असं मी खेकसलो की ते शांतपणे म्हणतात, "चालव की. तुला कुणी अडवलंय?" आणि पुन्हा पाय दाबतात.

पण बस चालवावी ती त्यांनीच. उकळता चहा हातात घेऊन चढावं आणि थेंबही न सांडता उतरावं, अशी त्यांची गाडी. आईच्या मांडीवर मूल झोपलेलं आरशात दिसलं, तर तो स्टॉप ते असा काही घेत की आईलाच कळत नसे, गाडी थांबली कधी. रोज सकाळी बस बाहेर काढण्याआधी डेपोच्या आवारात थोडी पळवायची आणि ब्रेक मारून बघायचा, हा त्यांचा नेम. मेकॅनिक ओरडायचा, "अहो, आत्ताच तपासलाय मी!" भाऊजी म्हणायचे, "तू तपासलास. मी कुठे तपासलाय?" आणि आणखी एकदा मारायचे.

अशा माणसाच्या यकृतात गाठ निघाली, आणि ती वाईट निघाली.

हृदय अधू असल्यामुळे ऑपरेशन करता येणार नव्हतं. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या, पण बोलायला एकदम रोखठोक. त्यांनी कागदावर यकृत काढलं, त्यात गाठ काढली आणि गाठीला अगदी चिकटून आतडं काढलं. म्हणाल्या, "किरण देऊन गाठ जाळायची. पण तुम्ही श्वास घेता तसं यकृत वरखाली होतं, त्याबरोबर गाठही. नेम चुकला तर आतडं भाजेल. म्हणून आमच्याकडे एक मशीन आहे, त्यात एमआरआय आणि किरण एकत्र चालतात. किरण सुरू असताना आतलं चित्र आम्हाला सतत दिसतं. गाठीभोवती आम्ही एक रेघ आखून ठेवतो. गाठ रेघेबाहेर गेली की किरण आपोआप बंद, परत आत आली की सुरू. आणि पोट रोज सारखं नसतं, म्हणून ती रेघही रोज नव्याने आखायची."

"म्हणजे गाडी पळत असताना टायर बदलायचं?" भाऊजींनी विचारलं.

"नाही हो. गाडी पळत असताना रस्त्याकडे बघायचं, एवढंच."

हे भाऊजींना पटलं. "रस्त्याकडे बघून चालवणारी माणसं आहेत, बरं वाटलं," असं ते बाहेर पडताना ताईला म्हणाले. दोन आठवड्यांत पाच वेळा जायचं ठरलं. ने-आण माझ्याकडे आली, म्हणजे मॅटचं उरलंसुरलं आयुष्यही संपलं.

पहिल्या दिवशी त्यांचा पट्टा, किल्ल्या, अंगठी, सगळं काढून घेतलं. आत मोठ्या चुंबकाचं मशीन, तिथे लोखंडाचा कणही चालत नाही. मशीन चालवणारा उंच, हसरा तरुण होता. तो काचेपलीकडून घंटी वाजवून बोलायचा, म्हणून भाऊजींनी त्याला लगेच कंडक्टर करून टाकलं. त्या बोगद्यात झोपल्यावर डोळ्यांसमोर एक छोटा आरसा येतो आणि त्यात पडदा दिसतो. पडद्यावर हिरवं वर्तुळ, त्यात पिवळा ठिपका. ठिपका म्हणजे गाठ. श्वास हलका ठेवायचा, म्हणजे ठिपका वर्तुळात राहतो. मशीन ठकठक, खडखड करायला लागल्यावर भाऊजी आतून ओरडले, "कंडक्टर, इंजिन जुनं दिसतंय! टॅपेट वाजताहेत!" बाहेर सगळे हसले.

पण त्या दिवशी हसण्यासारखं तेवढंच झालं. किरण सुरू होई आणि लगेच बंद पडे. सुरू, बंद. सुरू, बंद. ठिपका वर्तुळाच्या कडेला आला रे आला की टुणकन बाहेर उडी मारायचा. ठरलेल्या वेळेत निम्मेसुद्धा किरण देऊन झाले नाहीत. भाऊजी घामाने निथळत बाहेर आले आणि ताईची नजर चुकवून म्हणाले, "मी प्रयत्न करतोय गं." दुसऱ्या खेपेलाही तेच. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "असंच चाललं तर आम्हाला साध्या मशीनवर जावं लागेल. पण आतडं वाचवायचं तर तिथे किरण कमी द्यावे लागतील, आणि कमी किरणांनी ही गाठ मरेल याची खात्री मी देऊ शकत नाही." ताई बाकावर पिशवी पोटाशी धरून बसली होती. तिला काय सांगायचं ते मला कळेना. मी पाणी आणतो म्हणून सटकलो आणि पाण्याच्या नळापाशी उगीचच उभा राहिलो.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यांच्या खोलीत बोलावलं. "तुमचे पेशंट आत काहीतरी करताहेत," त्या म्हणाल्या. "पोटाचे स्नायू मध्येच आवळले जातात. विचारलं तर म्हणतात, मी काहीच करत नाही. तुम्ही बघा बरं."

कॅमेऱ्यात बोगद्यातून बाहेर आलेले त्यांचे पाय दिसत होते, चादरीखाली. दुसऱ्या पडद्यावर पिवळा ठिपका हिरव्या वर्तुळाच्या कडेकडे सरकला. आणि चादरीखालचा उजवा पाय हळूच, खोल, दाबला गेला.

मी इतक्या मोठ्यांदा हसलो की कंडक्टर दचकला.

"ब्रेक मारताहेत!" मी म्हणालो. "अहो, ते ब्रेक मारताहेत!"

डॉक्टरीणबाईंना समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, कारण बिचारा माणूस जीव तोडून गाठ थांबवू बघत होता. ठिपका कडेला आला की ते आपल्या परीने गाडी आवरत होते. पाय दाबला की मांडी ताठ, मांडीबरोबर पोट ताठ, आणि पोटाने ढकललं की ठिपका रेघेबाहेर. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. कंडक्टरने आत जाऊन उजव्या पायाखाली जाड उशी ठेवली. मग भाऊजींनी डावा पाय दाबायला सुरुवात केली.

"तो क्लच," मी म्हणालो.

पडदा बंद करून बघितला, तर दिसेनासं झाल्यावर ते श्वासच कोंडून धरायला लागले. शेवटी कंडक्टरने घंटी वाजवली आणि मायक्रोफोनमधून म्हणाला, "काका, ब्रेक मशीनला आहे. तुम्ही मारू नका. गाठ बाहेर गेली की तो आपोआप लागतो."

आतून आवाज आला, "कुणी तपासलाय?"

"आम्ही रोज सकाळी तपासतो, काका."

"तुम्ही तपासलात. मी कुठे तपासलाय?"

मला वाटलं, झालं, आता डॉक्टरीणबाई वैतागणार. पण त्या खुर्चीत पुढे सरकल्या आणि त्यांनी स्वतः माईक ओढला. "बरोबर आहे तुमचं. तपासा. पडदा परत लावतेय. किरण सुरू झाले की तिथे दिवा पेटलेला दिसेल. पेटला की मुद्दाम खोका आणि दिव्याकडे बघा."

"चालू गाडीत?"

"चालू गाडीतच. ब्रेक त्यासाठीच बसवलाय."

मशीन खडखडायला लागलं. दिवा पेटला. भाऊजी खोकले, आणि तो खोकला पुरता बाहेर पडायच्या आधीच दिवा विझला. ठिपका बाहेर जाऊन परत आला, तसा दिवा पुन्हा लागला. थोडा वेळ गेला. भाऊजी पुन्हा खोकले, या वेळी अगदीच लटकं. दिवा विझला.

"अरे वा!" आतून आवाज आला. नव्या बसची पहिली फेरी मारून आल्यावर लागायचा तसाच तो आवाज लागला होता. "माझ्या पायाच्याही आधी लागतो हा! कंडक्टर, झकास ब्रेक आहे रे!"

"बास आता, काका. काढा गाडी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आणि दिवा लागला तो लागलाच. मध्ये क्वचित विझायचा, लगेच पेटायचा. चादरीखालचे दोन्ही पाय सैल पडले, पंजे बाहेरच्या बाजूला कलले. पिवळा ठिपका वर्तुळाच्या मधोमध जरासा वर, जरासा खाली होत राहिला. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "इतका एकसारखा श्वास? आत्ता तर..." आणि थांबल्या. मशीनच्या खडखडाटाखालून स्पीकरमधून वेगळाच एक आवाज यायला लागला होता. भाऊजी घोरत होते.

"उठवू का?" कंडक्टरने विचारलं.

"खबरदार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठिपका जागच्या जागी आहे. तो हलला तर मशीन बघेल. असंच चालू दे."

पुढचं सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. किरण कमी पडले होते त्यासाठी दोन खेपा वाढल्या, पण त्या सगळ्या बिनबोभाट पार पडल्या. काही महिन्यांनी काढलेल्या चित्रात गाठीच्या जागी सुरकुतलेला डाग तेवढा उरला होता. डॉक्टरीणबाईंनी त्यावर बोट ठेवून सांगितलं की ही मेली. आम्ही तिघांनी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून आइस्क्रीम खाल्लं, आणि भाऊजींनी ते शर्टावर सांडलं.

पण तो नंतरचा आनंद. त्या तिसऱ्या दिवशीचा वेगळाच होता.

मी धावत ताईकडे गेलो. मला धावताना बघून ती उभीच राहिली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "काय झालं?"

"काही नाही. भाऊजी झोपलेत."

"झोपलेत म्हणजे?"

"म्हणजे झोपलेत, ताई. मशीनमध्ये. घोरताहेत."

तिला खरं वाटेना. डॉक्टरीणबाईंनी तिला आत यायची परवानगी दिली. ती पिशवी पोटाशी तशीच धरून कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर उभी राहिली आणि त्या दोन सैल पायांकडे बघत राहिली. मग तिने सांगितलं. गाठ आहे हे कळल्यापासून भाऊजी झोपलेच नव्हते. पलंगाच्या कडेला बसून राहायचे. "तू झोप, मी आहे जागा," म्हणायचे. तीही झोपेचं सोंग घेऊन पडून राहायची, कारण आपण जाग्या आहोत हे कळलं तर त्यांना आणखी त्रास होईल. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, मलासुद्धा नाही. सांगताना ती रडत होती आणि मध्येच हसत होती. मीही रडलो, लपवत कशाला बसू?

तेवढ्यात त्या दिवसाचे किरण पुरे झाले. दिवा विझला, खडखड थांबली, आणि खोलीत नुसतं भाऊजींचं घोरणं उरलं, मोठं, भरलेलं, निवांत. लग्न झाल्यापासून ताई त्या घोरण्याच्या नावाने बोटं मोडत आली होती. कंडक्टरने उठवण्यासाठी घंटीकडे हात नेला, तर तिने तो हातच धरला.

"थांबा ना जरा," ती म्हणाली. "ऐकू द्या हो मला."