फ्लेक्समध्ये बांधलेली गाठोडी

“काम थांबवा, मावशी. तुमच्या मालाच्या धुराने प्लांटवरचा रघुनाथ बेशुद्ध पडला,” रस्त्याच्या कामावरचे इंजिनिअर शेडच्या दारातूनच म्हणाले.

नाशिकबाहेरच्या या शेडमध्ये मी बायकांची मुकादम आहे. आम्ही कचऱ्यातलं प्लास्टिक निवडतो. दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅग, द्राक्षांच्या पॅकिंगच्या पिशव्या, एवढंच घ्यायचं. मशीनमध्ये त्याचा चुरा होतो. डांबराच्या प्लांटवर तो तापलेल्या खडीवर टाकतात. तो वितळून खडीला चिकटतो, मग वर डांबर. फ्लेक्सचे बॅनर चालत नाहीत. ते पीव्हीसीचे असतात, तापले की विषारी धूर सुटतो. रघुनाथ खडीजवळच उभा असायचा.

“जिवंत आहे ना?” मी विचारलं.

“ऑक्सिजनवर आहे. चुऱ्यात फ्लेक्स सापडलाय. कसा आला ते कळलं नाही, तर शेड बंद.”

“आम्ही फ्लेक्स बाजूलाच काढतो, साहेब,” माल निवडणारी हिरा म्हणाली. “तो ढीग बघा की. लय मोठा हाय.”

“मग काय, बॅनरवरचे पुढारी स्वतः चालत मशीनमध्ये गेले?”

कोणी हसलं नाही. शेड बंद म्हणजे सगळ्या घरी बसणार होत्या.

मी मशीनवरच्या दत्तूला म्हटलं, “रोज करतोस तसं कर.” त्याने एक गाठोडं उचललं, दोरी कापली आणि सगळंच्या सगळं आत ढकलायला लागला.

“थांब.”

गाठोड्याचं वरचं कापड फ्लेक्सचं होतं. फ्लेक्स मजबूत, फाटत नाही, शिवाय फुकट. म्हणून बाजूला काढलेल्या फ्लेक्समध्येच बायका चांगला माल बांधायच्या. आमची तशी रीतच होती.

“वरचं काढत नाहीस?” मी विचारलं.

“काढायचो की, मावशी. या आठवड्यात प्लांटवरून सारखे फोन. माल पाठव, माल पाठव.”

 ते फोन इंजिनिअरांचेच होते.

शेड बंद झाली नाही. आता आम्ही माल तागाच्या गोणीत भरतो. ताग मशीनच्या पात्यांभोवती गुंडाळला जातो आणि मशीन अडतं, म्हणून गोणी रिकामी करावीच लागते. दत्तूला सांगावं लागत नाही.

रघुनाथ वाचला, पण प्लांटवर परत गेला नाही. चार पायऱ्या चढला तरी धाप लागते. पिंपळगावला एका कोल्ड स्टोरेजच्या गेटवर बसतो. मी भेटायला गेले तेव्हा त्याने विचारलं, “रस्ता झाला का?”

“झाला. चांगला झालाय.”

 

वाईट वस्तू बाजूला काढली म्हणजे काम संपत नाही. ती फुकटची आणि कामाची वाटली की पुन्हा आत येते.