चादरींची खोली

लता सिस्टर तेहतीस वर्षं ज्या वॉर्डात उभ्यानं राबल्या, त्याच वॉर्डात आता गुडघा बदलून आडव्या पडल्या होत्या. भिंतींचा रंग बदलला होता, खाटांना चाकं आली होती, फिनेलचा वास मात्र जुनाच. माहेरी आल्यासारखं वाटलं त्यांना.

त्या दुपारी समोरच्या खाटेवरच्या भागीबाई गेल्या. नांदगावची म्हातारी, तीन आठवडे इथंच होती. तेजल सिस्टर रोज तिची वेणी घालायची. तेजलनं सगळं रीतसर केलं, नातेवाइकांना समजावलं, हात धुतले आणि दहा मिनिटांत हसतमुखानं लताबाईंपुढे हजर झाली.

"काय आजी, आज चालायचं ना?"

ते हसू लताबाईंच्या ओळखीचं होतं. डोक्यावरच्या टोपीबरोबर त्यांनीही ते रोज चढवलं होतं. आणि सकाळीच त्यांच्या कानावर आलं होतं, तेजल मैत्रिणीला सांगत होती की आतून काही वाटेनासं झालंय, महिनाअखेरीस राजीनामा देणार.

लताबाईंना पहिलं वर्ष आठवलं. नामपूरकडची सात वर्षांची पोर त्यांच्या हातावर गेली होती. त्याही अशाच हसत पुढच्या खाटेकडे निघाल्या. तेवढ्यात मेट्रन विठाबाई आडव्या आल्या. कडक बाई, चालली तरी वॉर्ड चिडीचूप व्हायचा. त्यांनी किल्ली पुढे केली आणि चादरींच्या खोलीत जाऊन चादरी मोजून यायला फर्मावलं. लता चौथ्या चादरीवर कोसळली. पाचवीत तोंड खुपसून मनसोक्त रडली. बाहेर आली तेव्हा विठाबाईंनी किती भरल्या ते विचारलंच नाही. पुढे कळलं, वॉर्डातली प्रत्येक सिस्टर कधी ना कधी त्या चादरी मोजून आली होती. मेट्रन झाल्यावर लताबाईंनीही कितीजणींच्या हातात ती किल्ली ठेवली.

त्यांनी हे सगळं तेजलला सांगितलं आणि विचारलं, "ती खोली कुठंय गं आता?"

"कधीच गेली, आजी. कपडे बाहेर धुवायला जातात. तिथं आता बिलं भरतात."

लताबाईंनी हात लांब करून खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढला, तेजलला स्टुलावर बसवलं आणि उशाशी घडी करून ठेवलेल्या चादरी तिच्या मांडीवर ठेवल्या.

"मोज."

"आजी, तीनच तर आहेत."

"असू देत. नीट मोज."

तेजलनं पहिली घडी उचलली. दुसरीवर तिचा हात थांबला. भागीबाईंच्या वेणीची रिबीन अजून तिच्या खिशात होती, ती तिनं बाहेर काढली आणि चादरीत तोंड लपवलं.

पलीकडून कुणीतरी तेजल सिस्टरच्या नावानं हाका मारू लागलं. लताबाई उशीवरून जराशा उठल्या. दहा वर्षं न वापरलेला आवाज एका दमात वर आला.

"ती चादरी मोजतेय. पाच मिनिटं थांबा."

वॉर्ड चिडीचूप झाला.