करंजाचं डावं वळण

आधी चहा घ्या. आणि हसायचं तर शेवटी हसा, कारण माझ्या साखरपुड्याच्या दिवशी अख्खं करंजा बंदर मला हसलंय. आता काय लपवायचं तुमच्यापासून?

तेव्हा मोबाइलला बटणं होती आणि माझ्या डोक्यावर केस. मी रोडपालीचा. माझा शाळेतला दोस्त दिलीप कळंबोलीच्या लोखंड बाजारात वेल्डिंग करायचा. त्याच्याकडून मी जुन्या मोटरसायकलला डाव्या अंगाला साइडकार जोडून घेतली. कशासाठी? स्वप्नासाठी हो! दर्शना, म्हणजे माझी ठरलेली बायको, त्यात बसलीय, खाडीचा वारा सुटलाय, तिचा गजरा हलतोय आणि मी आपला संथपणे वळणामागून वळण घेतोय...

पण तीन चाकं वळवायची म्हणजे खायचं काम नाही! पहिल्याच दिवशी डावीकडे वळलो आणि साइडकारचं चाक हवेत. दिलीप ओरडला, "रिकामी काय चालवतोस? वजन टाक!" आमचं घर मिठागरवाल्यांचं, मिठाच्या पोत्याला काय तोटा? टाकलं एक. आणि मग मी असा वळायला लागलो, असा वळायला लागलो, की मला वाटलं आपला हात बसला. पोत्याला त्याचं श्रेय द्यायचं तेवढं राहून गेलं.

दर्शनाला फोनवर म्हटलं, "आता डोळे मिटून वळतो मी."

तिनं ते वडिलांना सांगितलं. ते तांडेल, स्वतःची मासेमारीची बोट चालवणारे. त्यांचा निरोप आला, "बोट धक्क्याला कशी लावतो त्यावरून माणूस कळतो. साखरपुड्याला गाडी दारात वळवून दाखवा. नीट लागली तर पोर बसंल तिच्यात. नाय तर ती गाडी इकून टाकायची."

म्हणजे माझं सगळं स्वप्न त्या एका वळणावर आलं.

झालं. वऱ्हाडाचा टेम्पो पुढे, मी मागे. करंजाच्या वेशीवर सगळे थांबलो. आई माझा फेटा सारखा करायला आली आणि तिला पोतं दिसलं.

"सोयऱ्यांच्या दारात मीठ नेतोस? जल्माची भांडणं लावायची हायत काय?"

पोतं गेलं टेम्पोत. त्याच्या जागी मखमली उशी आणि झेंडूची माळ. टेम्पो पुढे गेला. मी म्हटलं, आपण जरा रुबाबात मागून जाऊ.

घर डाव्या हाताला. दारात मांडव, हार घेऊन उभे तांडेल, बँजोवाले तयार. मला पाहिल्याबरोबर बँजो सुरू! मी हँडल डावीकडे वळवलं आणि उशी, झेंडू, साइडकार, सगळं वर उठलं. घाईनं हँडल सरळ केलं आणि मांडवासमोरून थेट पुढे.

तुम्ही म्हणाल, हळू का नाही घेतलीस? अहो, सासऱ्यांसमोर? घाबरट ठरलो असतो ना!

उजवीकडे मात्र गाडी लोण्यासारखी वळायची. बर्फाच्या कारखान्यापाशी उजवीकडे, धक्क्यापाशी उजवीकडे, परत उजवीकडे, की पुन्हा मांडव. पुन्हा बँजो. पुन्हा साइडकार वर. पुन्हा मी पुढे.

पहिल्या फेरीला लोक म्हणाले, "देवाला नारळ द्यायला गेला असंल." दुसऱ्या फेरीला एक म्हातारी म्हणाली, "नवस हाय वाटतं, फेऱ्या घालतोय."

आणि खरं सांगू? मला त्या फेऱ्या आवडायला लागल्या होत्या. ऊन उतरलेलं, धक्क्यावर बोटी डुलतायत, वाळत घातलेल्या बोंबलांतून वारा येतोय. रिकाम्या उशीवर मला दर्शना दिसायला लागली. गालातल्या गालात हसत होतो मी!

तेच नडलं. तिसऱ्या फेरीला कुणीतरी बोंबललं, "नवरा पळतोय रं! वर हसतोय बघ!"

बँजो बंद. आई कपाळाला हात लावून खाली बसली. दर्शनाचे मामा काठ्या शोधायला लागले. माझी चौथी फेरी, आणि बघतो तर काय? शालू सावरत दर्शना स्वतः रस्त्याच्या मधोमध उभी! करकचून ब्रेक मारला.

"मी पसंत नाय काय तुमाला?" डोळ्यांत पाणी होतं हो तिच्या.

मी सगळ्या गावासमोर सांगून टाकलं, "पसंत आहेस गं! खूप पसंत आहेस! पण मला डावीकडे वळता येत नाही!"

तिनं त्या हलक्या उशीकडे बघितलं. डोळे पुसले, माळ बाजूला केली आणि ऐटीत साइडकारमध्ये जाऊन बसली.

"घ्या आता."

घेतली. चाक जमिनीला चिकटून, गजरा वाऱ्यावर, गाडी अलगद मांडवात. अगदी स्वप्नात घ्यायचो तस्सं वळण! टाळ्या, शिट्ट्या, बँजो! मी छाती फुगवून उतरलो आणि हारासाठी मान पुढे केली.

तांडेलांनी तो हार लेकीच्या गळ्यात घातला.

मग माझ्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणाले, "जावई, गाडी जरा कडेला लावून या. घाबरू नका, जागा उजव्या हातालाच हाय."