तो पक्षी मेला होता ना?

सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं : "रविवारचा सकाळचा शो आपण पूर्ण बुक केला आहे. देवाचा चित्रपट असल्याने पादत्राणे दाराबाहेर काढावीत." मला वाटलं, थट्टा असेल. कोथरूडच्या सोसायट्यांत थट्टा कमी आणि सूचना जास्त असतात, हे माझ्या लक्षातच राहत नाही.

तर आम्ही मॉलमध्ये, थिएटरच्या दाराशी, सत्यनारायणाला आल्यासारख्या चपला काढल्या. आत एसीचा गारठा आणि पायाखाली आदल्या शोचं काहीतरी चिकट सांडलेलं. पायात चप्पल नको, पण हातात चीज पॉपकॉर्न चालत होतं, कारण त्याबद्दल ग्रुपवर काही आलं नव्हतं. बाबांना मधुमेह आहे, म्हणून मी त्यांच्या पायात मोजे चढवले. सेक्रेटरींनी विचारलं, "मोजे चालतात का पण?" मी म्हटलं, "देवाला विचारून सांगते."

बाबांना मी हौसेने नेलं होतं. आई गेल्यावर बिबवेवाडीचं घर बंद करून ते माझ्याकडे आले आणि त्यांचं विसरणं वाढत गेलं. जेवण झालं का, माझी मुलगी कितवीत आहे, सगळं निसटतं. ती गोष्ट मात्र निसटत नाही. कोणती ते सांगायला नको. वनवास, हरण, समुद्रावरचा सेतू म्हटलं की झालं. मार्केट यार्डात बाबांचा गुळाचा गाळा होता. दुपारी गाड्या रिकाम्या झाल्या की हमाल ढेपांना टेकून बसायचे आणि बाबा त्यांना ती गोष्ट सांगायचे. डॉक्टर म्हणाले, जे पक्कं आठवतं ते रोज बोलतं ठेवा. म्हणून रोज सकाळच्या चहाला एक प्रसंग. मी विचारते, "मग?" आणि ते सांगतात. एकदा मी मुद्दाम एक प्रसंग गाळला तर केवढे खवळले. "अगं, मध्ये नदी आहे. होडी नको का?" त्या दिवशी मला फार बरं वाटलं. ही गोष्ट जागच्या जागी आहे तोवर बाबाही आहेत, असं मी धरून चालले होते.

गोष्टीतला त्यांचा लाडका म्हणजे तो म्हातारा पक्षी. राणीला पळवून नेताना तो आडवा जातो, त्याचे पंख तुटतात, पण राजपुत्र येईपर्यंत तो जीव धरून ठेवतो. तिला कुठल्या दिशेला नेलं ते सांगतो आणि राजपुत्राच्या मांडीवर प्राण सोडतो. "म्हातारा होता, जिंकणार नाही हे ठाऊक होतं," बाबा म्हणतात, "पण निरोप देऊन गेला." एवढं बोलून ते बशीतला चहा संपवतात.

आता चित्रपट. सुरुवातच युद्धाने. मग मागे वनवास, आणखी मागे बालपण, परत युद्ध. लंका सोन्याची असते हे बालवाडीतल्या पोरालाही माहीत आहे. यांची होती कोळशाच्या वखारीसारखी. एवढा खर्च करून दिवे लावायचे राहिले असावेत. राजपुत्र बोलतच नव्हता, नुसत्या घोषणा देत होता, आणि चौदा वर्षं रानात काढूनही त्याच्या कोरलेल्या दाढीची रेघ हलली नव्हती.

हे सगळं मी सोसलं असतं. पण तो पक्षी आला, लढला, पडला. बाबा पुढे सरकून बसले. राजपुत्र काही त्याच्यापाशी आलाच नाही, प्रसंग तिथेच तोडून चित्रपट पुन्हा युद्धावर गेला. आणि शेवटी, सगळं संपत आल्यावर, आभाळ फाडून तोच पक्षी लोखंडी पंख लावून हजर. शिट्ट्याच शिट्ट्या. सेक्रेटरी अनवाणी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

बाबांनी माझा हात घट्ट धरला. "हा मेला होता ना गं?"

"मेला होता, बाबा."

"मग?"

रोज मी विचारते तोच प्रश्न. पलीकडून माझी मुलगी म्हणाली, "आबा, रीइमॅजिन केलंय त्यांनी. क्रिएटिव्ह लिबर्टी." बाबा म्हणाले, "असं होय," आणि त्यांनी माझा हात सोडला.

बाहेर चपलांचा ढीग उपसताना सेक्रेटरींनी विचारलं, "काय आजोबा, कसा वाटला?"

"छान," बाबा म्हणाले. "माझंच चुकत होतं इतकी वर्षं."

मी तडकले. "बाबांचं काही चुकत नाही. या पिक्चरवाल्यांचं चुकलंय."

"अहो, एवढं काय मनावर घेता? पिक्चर तर आहे."

"मग चपला कशाला काढायला लावल्यात?"

सेक्रेटरी वाकून आपली चप्पल शोधायला लागले, पण त्याचा मला काय उपयोग? रिक्षात बाबा म्हणाले, "त्या हमालांना मी चुकीचं सांगितलं गं. आता कुठे भेटायचे ते?" मी समजावलं. नीट समजावलं, मग चिडून समजावलं. ते म्हणाले, "एवढी मोठी माणसं, इतका खर्च करून खोटं कशाला दाखवतील?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या लोखंडी पंखांचा इतका राग आला की मी रिक्षावाल्यावरच ओरडले.

तेव्हापासून गोष्ट तिथेच अडली आहे. सेतू बांधायचा राहिलाय, युद्ध राहिलंय. सकाळी पक्षी जमिनीवर पडतो आणि बाबा बशी हातात धरून माझ्याकडे बघत बसतात.

"निरोप दिला आणि मेला," मी सांगते.

"नक्की? तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही, बाबा."

ते मान हलवतात आणि न पिताच बशी खाली ठेवतात.